मे महिन्याची सुट्टी आणि घरात दोन लहान मुलं: पुण्यातल्या उन्हात काय काय करता येतं

एप्रिल आला की बिल्डिंगखाली सगळ्या आयांचं एकच चालू होतं, सुट्टीत यांचं करायचं काय! आमच्याकडे एक सात वर्षांचा आणि एक चार वर्षांची, अशी ही तिसरी सुट्टी, त्यामुळे जे जमलं आणि जे पार फसलं ते दोन्ही सांगते.

सगळ्यात आधी दिवसाचे तीन तुकडे करून टाका. साडेनऊपर्यंत बाहेर, मग साडेचारपर्यंत घरात, पाचनंतर परत बाहेर. पारा चाळिशीला टेकतो आणि मुलं खेळायच्या नादात पाणी मागत नाहीत, तोंड लालबुंद झालं की मग आपल्याला कळतं. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने भर मेमध्ये वॉटर पार्कला गेलो, बारा वाजता धाकटीला उलट्या सुरू, संध्याकाळ दवाखान्यात. तेव्हापासून भर दुपारी बाहेर पाऊल नाही. एक दिवस सोडून, तो येतोच पुढे.

मोठी सहल आठवड्यातून एकच ठेवा, बास. पर्वतीला सकाळी साडेसहालाच जा, १०३ पायऱ्या आहेत, मोजत चढायचं, आमच्यात अजून कुणाचाच आकडा १०३ आलेला नाही आणि त्यावरून वरपर्यंत भांडण होतं पण दमलो म्हणत नाही कुणी. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे आम्ही गेटवर पोचल्यावर शिकलो. पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासूनची, आजोबांना बरोबर न्या, ते मुलांपेक्षा खूश होतात, फक्त चालू आहे ना ते आधी विचारून घ्या. केळकर संग्रहालय मुलांना बोअर होईल असं वाटतं ना, मग त्यांना काम द्या: प्राणी-पक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते आणि दिवे शोधायचे, जो जास्त शोधेल त्याला खाली आल्यावर कुल्फी. (कुल्फी दोघांनाही द्यावी लागते, ते धरूनच चला.)

आता तो एक दिवस. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली दिवस असतो, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली गायब होते. मुंबईत तो साधारण १५ मेला, कोल्हापूरला ६-७ मेला आणि नागपूरला २६ मेच्या आसपास, म्हणजे मामाच्या गावाला गेलात तर दोनदा पण बघता येईल. पण नुसतं त्या दिवशी गच्चीवर जाऊन मजा नाही, तयारी एक तारखेपासून करायची. पाण्याची गोल बाटली घ्या, गच्चीत एक जागा ठरवा, दोन-तीन दिवसांआड साडेबाराला बाटली तिथेच ठेवायची आणि सावलीचं टोक खडूने मार्क करून तारीख टाकायची. सावली रोज थोडी थोडी आखूड होत जाते, तेरा तारखेला बाटलीखालीच शिरते, आणि नंतर परत बाहेर येते ती उलट्या बाजूला! आधी उत्तरेला पडायची, आता दक्षिणेला, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेकडे सरकलेला असतो. चार वर्षांच्या पोरीला कारण कळलं नाही पण "माझी सावली पायाखाली लपली" हे तिने आठवडाभर सगळ्या सोसायटीला सांगितलं. टोपी, चपला मस्ट, फरशी चटके देते, आणि वर सूर्याकडे बघायचं नाही हे दहादा बजावा. पाच मिनिटांत खाली. जुलैअखेरीला हाच योग परत येतो पण तेव्हा ढगांमुळे बहुतेक सूर्यच दिसत नाही, म्हणून मे सोडू नका.

दुपारसाठी महागडं क्राफ्ट किट आणू नका, दोन दिवसांत त्याचे मणी सोफ्याखाली सापडतात. उन्हाळ्याची कामं असतातच घरात, त्यातच मुलांना घ्या. साबुदाण्याच्या पापड्या बेस्ट: साबुदाणा रात्रभर भिजवायचा, सकाळी मीठ-जिरं घालून काचेसारखा होईपर्यंत आपण शिजवायचा, कोमट झाला की प्लॅस्टिकवर चमच्याने गोल टाकायचं काम मुलांचं, गोल येत नाहीत, चालतं, तळल्यावर कळत पण नाही. नंतर कावळे हाकलायची ड्यूटी आळीपाळीने. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर हाताने काढायला दिला की अर्धा तास शांतता, गराच्या दीडपट गूळ, वेलची, चिमूट मीठ, ढवळायला पण तेच. एरवी सागरगोटे, चिंचोके, सारीपाट काढा, आजी असेल तर तुम्हाला बघायची पण गरज नाही, फक्त अगदी लहान मूल घरात असेल तर चिंचोके मोजून परत डब्यात.

संध्याकाळी टबात पाणी हवंच असतं, पण टँकर मागवणाऱ्या सोसायटीत जरा लाज वाटते, म्हणून आम्ही एकच बादली देतो आणि खेळ संपला की तेच पाणी मगाने कुंड्यांना, तो पण त्यांना खेळच वाटतो.

आणि आठवड्यातले दोन दिवस मुद्दाम मोकळे सोडा. "बोअर होतंय" ऐकू येईल, येऊ द्या, वीस मिनिटं कळ काढा, आमच्याकडे अशाच एका दुपारी सगळ्या चादरी खुर्च्यांवर टाकून किल्ला झाला आणि तो चार दिवस हलला नाही, आम्ही सगळे वाकून ये-जा करत होतो.