वेलांटीचा काना : रॉक गायकावर जीव जडलेल्या तरुणाची गोष्ट लिहिताना

रॉक बँडमधल्या गायकावर एका तरुणाचा जीव जडतो, अशी प्रेमकथा मराठीत लिहिण्याचे मनात असेल, तर पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आपला नायक कुठे उभा आहे हे ठरवावे. बहुतेक जण त्याला मंचासमोरच्या गर्दीत उभे करतात, प्रकाशझोत गायकावर पडतो, दोघांची नजरानजर होते आणि कथा तिथेच हातातून निसटते. कारण मंचावरचा माणूस त्या घटकेला सगळ्यांचाच असतो आणि नायकाला जे दिसते ते शेवटच्या रांगेतल्या कोणालाही दिसते. प्रेमात पडण्यासाठी त्याला एकट्यालाच दिसलेले काहीतरी हवे. म्हणून त्याला बाजूला, केबलींच्या गुंत्यापाशी ठेवावे. तो ध्वनिसंयोजकाचा मदतनीस असू शकेल, ड्रमरचा खोलीतला सोबती असू शकेल, किंवा तळघरातल्या जॅमरूमचे, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीचे, भाडे गोळा करणारा मालकाचा पुतण्याही असू शकेल.

अशा जागेवरून संगीतकाराचे शरीर दिसते, आणि ते नीट पाहून लिहावे. उजव्या हाताने वाजवणाऱ्या गिटारवादकाच्या डाव्या हाताच्या बोटांना पोलादी तारांमुळे टोकाशी घट्टे पडलेले असतात, दुसऱ्या हाताच्या बोटांना ते नसतात; त्यामुळे अंधारात हात हातात आला, तर तो कोणता हे नायकाला नुसत्या स्पर्शाने कळते. नवी तार चढवली की ती ताणत राहते, सुरातून उतरते, आणि पुन्हापुन्हा लावावी लागते. कार्यक्रम संपल्यावर कितीतरी वेळ कानात शीळ वाजत राहते, म्हणून दोघे एकमेकांशी गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात किंवा कानाजवळ तोंड नेऊन बोलतात. या गोष्टी ठाऊक असल्या की ‘त्याच्या डोळ्यांत वादळ होते’ यासारखी वाक्ये लिहावी लागत नाहीत.

यानंतरची अडचण भाषेची आहे आणि ती लिहायला बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. स्त्रीपुरुषांच्या प्रेमकथेत ‘तो’ आणि ‘ती’ ही सर्वनामे लेखकाचे निम्मे काम परस्पर उरकतात. दोन पुरुषांच्या कथेत ‘त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला’ असे वाक्य तयार होते आणि कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला हे वाचकाला कळत नाही. दर वाक्याला नावे लिहिली तर मजकूर हजेरीपटासारखा दिसतो, आणि ‘गायक’, ‘तरुण’ अशी लेबले लावली तर जवळीक नाहीशी होते. मराठीकडे यावर स्वतःचा उपाय आहे, तो म्हणजे ‘हा’ आणि ‘तो’. ज्याच्या मनातून आपण गोष्ट सांगतो आहोत तो ‘हा’, आणि ज्याच्याकडे पाहतो आहोत तो ‘तो’. उदाहरणार्थ :

‘ह्याने केबल कोपराभोवती गुंडाळायला घेतली. त्याने ती काढून घेतली. “अशी नको रे, पीळ बसतो आतल्या तारेला,” म्हणाला, आणि ह्याच्या तळव्यावर एक वेढा सुलटा, एक उलटा घालत गेला. सात वेढे झाले. आठव्याला केबल संपली, पण त्याने हात काढला नाही.’

यात एकही नाव नाही, तरी गोंधळ नाही. शिवाय ‘तो’ या शब्दात मुळातच जे थोडे अंतर आहे ते प्रेमाच्या सुरुवातीला उपयोगी पडते. कथा प्रथमपुरुषी असेल तर हा प्रश्न उरत नाही. पण मग गायकाच्या एकांतात शिरता येत नाही, हे आधीच जोखून घ्यावे.

आता जो मुद्दा मला या प्रकारच्या कथेचा गाभा वाटतो त्याकडे येतो. आपला गायक कोणत्या भाषेत गातो? आपल्याकडचे पुष्कळ रॉक बँड इंग्रजीत गातात आणि लेखक ते गृहीत धरून पुढे जातात. तसे पुढे जाऊ नये. इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही, त्यामुळे ज्याला आपले प्रेम कोणावर आहे हे लपवायचे आहे, त्याला ती भाषा फार सोयीची असते. मराठीत मात्र ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांतले एक निवडावेच लागते. ‘तू येतोस’ म्हणा किंवा ‘तू होतास’ म्हणा, क्रियापद लगेच सांगून टाकते. हा गायक मराठीत का लिहीत नाही असे त्याला बँडमधल्या प्रत्येकाने विचारलेले असावे आणि त्याने दर वेळी वेगळे कारण दिलेले असावे. खरे कारण वाचकाला अर्ध्या कथेनंतर कळू द्यावे.

मग त्याला एक मराठी गाणे लिहायला लावावे आणि तो कसा लपतो ते बारकाईने दाखवावे, कारण मराठीत लपायच्या जागाही आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही. ‘येशील’ दोघांनाही चालते. आज्ञार्थात दिसत नाही, नुसते ‘ये’. ‘आहेस’मध्ये दिसत नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून ‘तू मला हाक मारलीस’ यातली ‘ली’ ही हाकेची असते, हाक मारणाऱ्याची नसते. पहिल्या खर्ड्यात गायकाने सारे गाणे भविष्यकाळात, विनंतीत आणि हाकेत लिहिलेले असावे. नायकाने ते वाचावे आणि म्हणावे, “यात कुणी कधी आलंच नाही का रे?” त्या प्रश्नाला कथेत पुरेशी जागा द्यावी. दुसऱ्या खर्ड्यात गायकाने भीतभीत ‘आलीस’ लिहावे. शेवटी मंचावर तो ‘आलास’ म्हणतो, म्हणजे लिहिताना एका वेलांटीचा काना होतो, इतकेच घडते. ड्रमच्या आवाजात गर्दीला ते कळतही नाही. पहिल्यांदाच मुलाचे गाणे ऐकायला आलेल्या आईला मात्र नेमके तेवढेच ऐकू येते. हा प्रसंग कथेत असेल, तर नायकाने धावत मंचावर जाण्याची मुळीच गरज नाही.

पुरुषाने प्रेमगीतात आपले लिंग बाजूला ठेवणे आपल्याला नवे नाही. ज्ञानेश्वरांनी विरहिण्या लिहिल्या, एकनाथांनी गवळणी लिहिल्या, आणि स्त्रीच्या मुखातून पुरुषाची आळवणी केली. त्यांतल्या भक्तीला आजचे नाव चिकटवू नये. तथापि शाळेत गवळण गायलेला मुलगा मोठेपणी बँडमध्ये गातो आहे, तर ती आठवण त्याच्या कामी येऊ द्यावी. रॉकच्या इतिहासातलाही एक धागा महाराष्ट्रातून जातो : पुढे ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झालेला फारूख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्याच हेक्टिक्स या शालेय बँडमध्ये पियानो वाजवू लागला. आपल्याला एड्स असल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचा गायक रॉब हॅल्फर्ड १९९८ मध्ये आपण गे असल्याचे उघडपणे बोलला. त्याचा मंचावरचा कातडी पट्टे आणि खिळे यांचा पेहराव हेवी मेटलच्या चाहत्यांनी तोवर वर्षानुवर्षे अंगावर मिरवला होता. आपल्या पात्रांना हे ठाऊक असणार, आणि कोणाचे पोस्टर खोलीत लावलेले चालते आणि कोणाविषयी घरात बोललेले चालत नाही हेही ठाऊक असणार.

गोष्टीचे वर्ष नक्की ठरवावे, कारण त्यावर पात्रांची भीती ठरते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७पासून दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमाच्या कक्षेतून बाहेर आले. २०१२ मध्ये जमलेली जोडी २०१४ मध्ये गुन्हेगार ठरते, हे कथानक कोणी रचलेले नाही, ते घडलेले आहे. मंचाचेही तसेच आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात भरत असे. जवळच्या रुग्णालयांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथले कार्यक्रम थांबले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद करायला लावले. लेखकाला हा नियम वरदान आहे : दहाला आवाज बंद होतो, सामान आवरायला तासभर लागतो, आणि सबंध रात्र पुढे असते.

माझी अशी एक कथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी परत पाठवली होती. दोघांपैकी एकाला मुलगी केले तर कथा छापता येईल, असे पत्रात लिहिले होते. मला त्याचे फार वाईट वाटले आणि आजही वाटते. पण मी कथा पुन्हा वाचली तेव्हा आढळले की, पहिली सहा पाने खरोखरच मुलीची असती तरी चालली असती. तेव्हापासून मी प्रत्येक प्रसंगाला विचारतो : इथे दोघांपैकी एक मुलगी असती तरी चालले असते का? आपल्याकडे दोन पुरुष एका खोलीत राहिले, एका गादीवर झोपले, एका ताटात जेवले तरी कोणी भुवई उंचावत नाही, कारण ‘मित्र’ हा शब्द सगळे झाकून घेतो. “तुझा मित्र जेवायला थांबणार आहे का रे?” असे आई स्वयंपाकघरातून विचारते, तेव्हा त्या मायेने तो मित्र सुखावतो आणि ज्या घराला त्याने आपले मानले तिथेच त्या शब्दाने पाहुणा होतो. तो मुलगी असता तर हा प्रश्न या सुरात आलाच नसता.

शारीरिक जवळीक लिहितानाही अशीच नेमकी वस्तू शोधावी. दोघे ॲक्टिव्हावरून जॅमहून परत येत आहेत. गाडी गायक चालवतो आणि गिटारची बॅग त्याच्या पाठीवर आहे, म्हणजे ती दोघांच्या मधे आहे. तीन प्रसंगांत ती मधेच राहू द्यावी. चौथ्या प्रसंगात मागे बसण्यापूर्वी नायकाने काही न बोलता ती काढून आपल्या पाठीवर घ्यावी.

शेवटी यांतल्या कोणाला मारू नये. समलिंगी नायकांचे मरण वाचकांनी पुष्कळ वाचले आहे. लग्नाचा शेवटही करता येणार नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिलेली नाही. पण अकरा महिन्यांचा भाडेकरार दोघांच्या नावावर होतो. तो संपतो आणि पुन्हा करावा लागतो. दुसऱ्यांदा करार करताना घरमालक सहज विचारतात, “तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?” ह्याने त्याच्याकडे पाहावे, आणि उत्तर त्याला देऊ द्यावे.