विझर्ड-क्लेरिक: एकाच कॅरेक्टरमध्ये दोन जादू कशा सांभाळाव्यात

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या नियमांनुसार, विझर्ड (अभ्यासाने जादू शिकलेला) आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा) हे दोन क्लास एकाच कॅरेक्टरमध्ये एकत्र घ्यायचे तर इंटेलिजन्स (विझर्डच्या जादूचा गुण) आणि विझडम (क्लेरिकच्या जादूचा) दोन्ही किमान १३ हवेत. ही अट सहज जमते. खरा घोळ होतो लेव्हल वाटताना.

निम्मे-निम्मे करू नका. एकूण सहाव्या लेव्हलला क्लेरिक ३-विझर्ड ३ असो वा क्लेरिक १-विझर्ड ५, स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र टाकताना खर्च होणाऱ्या जागा) सारखेच: पहिल्या पातळीचे ४, दुसरीचे ३, तिसरीचे ३. कारण स्लॉट दोन्ही क्लासच्या लेव्हलच्या बेरजेवर ठरतात. कोणते स्पेल घेता येतील ते मात्र त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर. त्यामुळे ३-३ वाल्याकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट असूनही त्या पातळीचा स्पेल एकही नसतो. ना विझर्डचा फायरबॉल, ना क्लेरिकचा रिव्हिव्हिफाय. १-५ वाल्याला फायरबॉल मिळतो. म्हणून पहिली लेव्हल क्लेरिकची घ्या (हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ६ ऐवजी ८ पासून सुरू होतात, चिलखत आणि ढालही लगेच मिळते) आणि पुढच्या सगळ्या विझर्डच्या. विझर्डचे स्पेल एक लेव्हल उशिरा येतील, एवढाच तोटा.

गुणांचे आकडे ठेवताना १५ इंटेलिजन्सला, १४ कॉन्स्टिट्यूशनला, १३ विझडमला. सहाव्या लेव्हलला इंटेलिजन्स १८ झालं असेल तर विझर्डच्या स्पेलचा सेव्ह डीसी (स्पेल टाळायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) १५ येतो, क्लेरिकचा फक्त १२. शत्रू १२ चा सेव्ह सहज मारून नेतात. त्यामुळे क्लेरिकच्या यादीत कमांड, बेन किंवा सेक्रेड फ्लेम भरू नका. सेव्ह लागतच नाही असे स्पेल घ्या: ब्लेस, हीलिंग वर्ड, शील्ड ऑफ फेथ. हीलिंग वर्डमध्ये विझडम कमी असल्याचा फटका दोन-तीन पॉइंटांचाच, आणि मोठा स्लॉट वापरला की दर पातळीला १डी४ (चार बाजूंचा एक फासा) वाढतो.

कॉन्सन्ट्रेशन (काही स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) मात्र एकच, दोन्ही क्लासना मिळून. ब्लेस चालू असताना वेब टाकलात की ब्लेस गेला. शिवाय बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) हीलिंग वर्ड टाकला की त्या टर्नमध्ये दुसरा स्पेल फक्त एका ॲक्शनचा कॅन्ट्रिपच (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) चालतो. फायर बोल्ट हा कॅन्ट्रिप ठेवाच. कॅन्ट्रिपचं डॅमेज एकूण लेव्हलवर वाढतं.

हातांचा हिशेब बहुतेक जण विसरतात. एका हातात ढाल आणि दुसऱ्यात कांडी (साहित्याऐवजी वापरायचं जादूचं साधन) असेल, तर विझर्डचा शील्ड स्पेल टाकता येत नाही, कारण त्याला हातवारे लागतात, साहित्य लागत नाही, आणि मोकळा हात उरलेला नसतो. ढालीवर पवित्र चिन्ह लावा, कांडीऐवजी कंबरेला कंपोनंट पाउच (स्पेलच्या साहित्याची पिशवी) ठेवा. तोच मोकळा हात साहित्यालाही चालतो, हातवाऱ्यांनाही.

आर्केन रिकव्हरी या विझर्डच्या क्षमतेने विझर्ड ५ ला दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर), एकूण ३ पातळ्यांचे स्लॉट परत मिळतात. ते ब्लेससाठीही खर्च करता येतात.