‘आवाजाची सवय झालीय’ म्हणताय? कानाच्या बाबतीत या चुका टाळा

माझे मामा विट्याला 28 वर्षं कापड विणायच्या मागावर होते. धोट्याची खटाखट दिवसभर, शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि कोणी काही विचारलं तर एकच उत्तर, "सवय झालीय, आता काय वाटत नाय." आज कानात ऐकायचं मशीन नसलं की मामीची हाक त्यांना ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि नात बोलायला लागली की नुसतं हसून मान हलवतात. ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, सवय. आवाज खटकत नाही म्हणजे नुकसान थांबलं असं नाही, उलट कधीकधी ऐकूच कमी येत असतं म्हणून खटकत नसतं. कानाच्या आत शंखासारख्या भागात साधारण 15-16 हजार बारीक केसपेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून माणूस म्हणतो ‘ऐकू येतंय पण कळत नाही’. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथं आवाज 85 डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरा. 85 ला 8 तास ही मर्यादा, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं!

दुसरी चूक कापूस. मामा पण बोळेच घालायचे, त्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, स्वस्त असतात. पण तेही नुसते टोचून ठेवू नका. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो.

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर लेकरू खांद्यावर घेऊन उभं राहू नका, कृपा करून. मागं सरका, त्याला कान झाकणारे इअरमफ घाला. घरी आल्यावर कानात कुईं वाजत असेल तर कानाला मार बसलाय असं समजा.

कोमट तेल, काडीपेटीची काडी, सेफ्टी पिन, कापसाच्या काड्या, सगळं बंद. मळ आपोआप बाहेर येतो, कोरायला गेलं की आत ढकलला जातो, आणि पडद्याला भोक असलं तर तेलानं कान वाहायला लागतो.

आणि हे मात्र लक्षात ठेवाच: एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘सर्दीनं दडा बसला असेल’ म्हणून पंधरा दिवस बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त होतो, नंतर हातातनं वेळ जाते.

ऐकायचं मशीन घेऊन कपाटात ठेवणं ही शेवटची चूक, मामांनीही केली. सगळंच कर्कश वाटायचं. मग मामीनं रोज तासभर, मग दोन तास असं करत लावायला लावलं, कारण मेंदूला खरी सवय लागते ती याची. परवा गेलो तर मामा वर बघत म्हणाले, "पंखा किती कुरकुरतोय रे, जरा तेल घाल त्याला."