क्लेफ्टिको: कागदात बांधायचं आणि चार तास विसरून जायचं असं ग्रीक मटण

ग्रीकमध्ये क्लेफ्टिस म्हणजे चोर, आणि क्लेफ्टिको म्हणजे सरळसरळ चोराचं मटण (क्लेप्टोमेनिया हा शब्दही त्याच घरातला). ग्रीसवर ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं तेव्हा डोंगरात राहणाऱ्या बंडखोर, लुटारू टोळ्यांना क्लेफ्त म्हणायचे, १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धातला मोठा सेनापती थिओडोरोस कोलोकोट्रोनिस हाही अशाच घराण्यातला. तर गोष्ट अशी सांगतात की हे लोक कुणाच्या तरी कळपातलं कोकरू पळवायचे, जमिनीत खड्डा करून निखाऱ्यांवर ठेवायचे आणि वरून मातीने बुजवून टाकायचे, म्हणजे धूर नाही, वास नाही, शिपायांना पत्ता नाही. खरं किती खोटं किती ते सोडा, पण या रेसिपीचा सगळा जीव त्या बुजवण्यात आहे हे मी माती खाऊनच शिकलेय.

पहिल्यांदा केलं तेव्हा दर अर्ध्या तासाला पुडकं उघडून बघत होते, झालं का झालं का, आणि प्रत्येक वेळी भस्सकन वाफ बाहेर. सासूबाई म्हणाल्या, अगं भाताचं झाकण तरी एवढ्यांदा उघडतेस का? तीन तासांनी बटाटे सुकलेले आणि मटण चपलेसारखं. म्हणून नियम एकच, बांधलं की हात लावायचा नाही.

आता मटण कुठलं घ्यायचं. तिकडे मेंढीचं कोकरू, आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेक ठिकाणी बोकडाचंच मिळतं, पण त्यात चीटिंग नाही कारण ग्रीसमध्येही बोकडाचं करतात. दुकानात सांगायचं पुढचा पाय खांद्यासकट द्या, हाडासकट, दीड किलो, आणि तुकडे करायचेच असतील तर मुठीएवढे चार-पाच, रस्स्याचे बारीक नकोत. मांडी दिसायला भारी पण खांद्याला चरबी आणि चिवट पांढरे पडदे जास्त असतात, तेच मंद आचेवर हळूहळू विरघळून मऊ चिकट होतात आणि मटण आतून ओलं ठेवतात. घाईत शिजवलं तर तेच दातात अडकतं.

आदल्या रात्री मुरवायचं. पाच-सहा टेबलस्पून ऑलिव्ह ऑइल, तीन लिंबांचा रस (तिकडची लिंबं मोठी असतात, दोन पुरतात), आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, मीठ, भरड मिरी, दोन तमालपत्रं आणि दोन टीस्पून सुका ओरेगानो. ओरेगानो तळहातावर कसुरी मेथीसारखा चुरडून घालायचा, वास तिथेच सुटतो. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या चालतील पण त्यात बऱ्याचदा इतर काहीबाही मिसळलेलं असतं, त्यापेक्षा नुसत्या ओरेगानोची बाटली आणा. वास घेतल्यावर ओव्याची आठवण येईल, ती उगाच नाही, दोघांतलं सुगंधी तेल जवळपास एकाच जातीचं असतं, झाडं मात्र वेगळ्या कुळातली, तेव्हा ओवा टाकू नका. आणि हो, मसाल्याचा डबा बंदच ठेवा. हळद, तिखट, आलं काही नाही. दालचिनी-लवंग ग्रीक लोक मटणात घालतात पण ते स्टिफाडोसारख्या रस्सेदार प्रकारात, इथे नाही. मलाही पहिल्यांदा पांढरं मटण बघून हात शिवशिवत होते. लिंबू आहे म्हणून एका रात्रीपेक्षा जास्त मुरवू नका, वरचा थर पिठूळ होतो.

दुसऱ्या दिवशी मटण फ्रीजमधून तासभर आधी काढा. एक किलो बटाटे जाड फोडी करून, दोन कांदे मोठे चिरून, एक लाल सिमला मिरची, सगळं त्याच मसाल्यात घोळवायचं. मोठ्या ट्रेमध्ये बेकिंग पेपरचे दोन लांब तुकडे अधिकच्या चिन्हासारखे आडवे-उभे टाका, आधी बटाटे, त्यावर मटण, त्यावर उरलेला रस. पाणी अजिबात नाही, मटणाचं आणि कांद्याचं सुटतं तेच पुरतं. चीज घालायचं असेल तर तिकडे केफालोटिरी किंवा ग्राव्हिएरा असं कडक चीज वापरतात, इथे पार्मेझानसारखं कुठलंही कडक चीज चालेल, पनीर नको. मग कागदाची चारी टोकं वर घेऊन घड्या घालत पुडकं करा, सुतळीने बांधा, वरून ट्रे फॉइलने घट्ट झाका. फॉइल थेट मटणाला लावू नका, लिंबाच्या आंबटपणाने ती काळवंडते आणि धातूची चव उतरते, हेही अनुभवाचे बोल.

ओव्हन १६० डिग्रीला आधी तापवून साडेतीन ते चार तास, बोकड जून असेल तर पाच. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, झाकणाच्या कडेला कणकेचा पट्टा लावून सील, खाली तवा, गॅस एकदम बारीक, साधारण तीन तास. कुकरमध्ये मटण शिजेल, पण ते क्लेफ्टिको नाही, शिट्टीबरोबर वासही गेला.

चार तासांनी फॉइल काढा, सुतळी कापा, आणि तोंड लांब ठेवा, वाफ जोरात येते. हाड ओढलं तर साफ निघून हातात आलं पाहिजे, नाही आलं तर परत बांधा आणि अजून पाऊण तास. वर रंग हवा असेल तर कागद मागे सारून २२० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं, पण ग्रिल लावू नका, कागद पेटेल. सायप्रसमध्ये तर बंद मातीच्या भट्टीत मीठ आणि तमालपत्रावरच करतात, तिथे कागदाचा प्रश्नच नाही.

बरोबर झाझिकी करा, श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का, किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ, ऑलिव्ह ऑइल आणि चिरलेला शेपू. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनी सुद्धा एकदा खाऊन बघा, ग्रीक लोक शेपू पालकाच्या पाईपासून ईस्टरच्या सूपपर्यंत सगळीकडे घालतात. पोळीपेक्षा जाड पाव बरा, कारण कागदाच्या तळाशी जो लिंबू-लसणाचा चरबीदार रस उरतो तो पुसून घ्यायला पावच लागतो, आणि आमच्याकडे भांडण होतं ते मटणावरून नाही, त्या तळाच्या बटाट्यांवरून.