भर पावसात लग्नाचे फोटो काढताय? या चुका टाळा

कोकणात लग्नसराई मे महिन्यात संपत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत मुहूर्त निघतात, आणि जूनमधलं लग्न म्हटलं की पाऊस धरूनच चालायचं. मेचाही भरवसा नाही. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. घाटावर एप्रिल-मेमधल्या वळवाच्या सरी तर ठरलेल्याच.

पाऊस आला म्हणून मुहूर्त पुढे ढकलत नाहीत. गुरुजींचं शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि हार घातले जातात. हे सगळं मिनिटभरात आटोपतं. त्या मिनिटाला तुमच्या लेन्सची काच स्वच्छ आणि कोरडी असली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. पावसाळी लग्नात फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा आधीच्या तासाभरात केलेल्या चुकांमुळे.

एसीतून थेट मांडवात

सगळ्यात जास्त फोटो या एका चुकीने जातात. नवरी तयार होते त्या खोलीत एसी पूर्ण जोरात चालू असतो, नाहीतर मेकअप टिकत नाही. तिथे अर्धा-पाऊण तास फोटो काढले की कॅमेरा आणि लेन्स गार पडतात. मग मामा नवरीला घेऊन बोहल्याकडे निघतो, तुम्ही त्यांच्या पुढे धावत बाहेर येता आणि दमट हवा त्या गार काचेवर जमून पांढरी वाफ धरते. पुसली तरी काच गारच असते, त्यामुळे ती पुन्हा धुरकट होते. घाईघाईने लेन्स बदलायला गेलात तर तीच दमट हवा आत, फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत जाते, आणि तिथली वाफ तुम्हाला पुसताही येत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो आधी ठरवायला हवा. दोन कॅमेरे असतील तर एक एसीच्या खोलीत नेऊच नका. तो मांडवातच, कोरड्या जागी, बॅगेत राहू द्या. एकच असेल तर मंगलाष्टकांच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी खोलीतून बाहेर पडा, कॅमेरा बॅगेत बंद ठेवा आणि त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या. नवरी खोलीतून निघतानाचा फोटो हवाच असेल तर तो सहकाऱ्याकडे सोपवा. गाडीतही तेच: शेवटचा अर्धा तास एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्या. एवढं करूनही वाफ धरलीच तर मांडवातल्या मोठ्या पंख्यासमोर लेन्स धरा. वाहत्या हवेने काच लवकर कोमट होते आणि वाफ उडते.

निळी ताडपत्री

पावसाळी मांडवावर ताडपत्री येते आणि ती बहुधा निळी असते. ढगाळ उजेड तिच्यातून गाळून खाली येतो तेव्हा आदल्या दिवशीच्या हळदीने पिवळसर झालेले चेहरे हिरवट दिसतात आणि लाल शालू जांभळ्याकडे झुकतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोतले रंग आपोआप जुळवणारी सोय, अशा वेळी दर फोटोला नवा अंदाज बांधतो. मग अल्बममध्ये एकाच विधीचे चार फोटो चार रंगांचे दिसतात.

त्यात आणखी एक चूक हमखास होते. फ्लॅश सवयीने वर, छताकडे फिरवला जातो. छत निळं, म्हणजे तिथून परत येणारा उजेडही निळाच. अशा मांडवात फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या पडद्यावर मारा, किंवा फोटोग्राफीच्या पांढऱ्या छत्रीतून.

खरा इलाज मात्र आदल्या दिवशीचा आहे. मांडववाल्याला गाठा आणि निदान बोहल्याच्या वर तरी ताडपत्रीखाली पांढरं कापड ताणून घ्या. यजमानांना त्याचं कारण नीट सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, बोहल्यावर धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा आणि फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे रंग नंतरही दुरुस्त करता येतात. वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की व्हाइट बॅलन्स पुन्हा तपासा. स्वस्त एलईडींमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणून पाहा.

समोरून फ्लॅश

पाऊस पडत असताना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की लेन्सजवळचे थेंब उजळतात. ते फोकसमध्ये नसल्याने नवरा-नवरीच्या अंगावर पांढरे गोल डाग उमटतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, जोडप्याच्या मागे स्टँडवर लावा, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि ट्रिगरने उडवा. मागे गडद झाडी किंवा रात्रीचा अंधार असेल तर पावसाची सर चमकून उठते. अंधारात फ्लॅशची लकेरच थेंब गोठवते. दिवसाउजेडी थेंब गोठवायचे तर १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर हवं, आणि त्यासोबत फ्लॅश वापरायचा तर हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणारी सोय, लागेल. दिवसाउजेडी पावसाच्या रेघा हव्या असतील तर १/६० ते १/१२५ पुरे.

छत्री पारदर्शक घ्या. काळी छत्री उजेड खाते, रंगीत छत्री आपला रंग चेहऱ्यावर सोडते. आणि शालू नेसलेल्या नवरीला कधीच पावसात उभं करू नका. अस्सल रेशमावर पाण्याचे डाग राहतात आणि तो शालू अनेकदा तिच्या आईने वर्षभर पैसे साठवून घेतलेला असतो. जोडीचे पावसातले फोटो काढायचेच असतील तर ते कपडे बदलल्यावर काढा. शालूतले फोटो पडवीच्या कडेला घ्या: पाठीमागे पाऊस, अंगावर बाहेरचा मऊ उजेड. असा उजेड उन्हाळ्यातल्या भर दुपारी मागूनही मिळत नाही. चौकटीत पांढरं आभाळ मात्र घेऊ नका, नाहीतर चेहरे काळवंडतात. आभाळ टाळता येत नसेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा.

पावसामुळे मांडवाचे बाजूचे पडदे सोडले की होमाचा धूर आतच कोंडतो. लाजाहोमाच्या वेळी समोरून फ्लॅश मारलात तर सगळं पांढरट होतं. एक दिवा मागच्या बाजूने येऊ द्या, म्हणजे तोच धूर फोटो सुंदर करतो.

वायर चिखलात

इथे फोटोपेक्षा जीव मोठा. पावसाळी मांडवात एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेले असतात, वायरींचे सांधे चिखलात बुडालेले असतात आणि त्यांच्यावरून अनवाणी माणसं जात असतात. तुमच्या दिव्यांचा बोर्ड विटांवर किंवा खुर्चीवर ठेवा आणि वरून झाका. वायरीला मध्ये जोड असेल तर ती वापरूच नका. जनरेटरवाल्याला किंवा कार्यालयाच्या इलेक्ट्रिशियनला आरसीसीबी, म्हणजे शॉक बसण्याची वेळ आली तर वीज तोडणारा स्विच, बसवलाय का ते स्पष्ट विचारा. त्याहून बरं म्हणजे पावसाच्या लग्नाला सगळे दिवे बॅटरीवरचेच न्या.

स्टँडवरची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि पाहुण्यांच्या डोक्यावर येतो. वाळूची पिशवी टांगा, शिवाय दोरीने मांडवाच्या खांबाला बांधा. विजा चमकत असतील तर गच्चीवर किंवा उघड्या मैदानात स्टँड लावू नका आणि जोडप्यालाही तिथे नेऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर इशारा देतं. ते फोनमध्ये असू द्या. ड्रोन पावसात उडवायचा नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

पत्र्यावरचा पाऊस

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एवढंच: पत्र्याच्या शेडमध्ये सर आली की कॅमेऱ्याच्या माइकला पावसाशिवाय काहीही ऐकू येत नाही. आत्याने लिहून आणलेलं मंगलाष्टक, आजोबांचा थरथरता आवाज, सगळं त्यात बुडतं. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डरमध्ये आवाज घ्या, आणि एक छोटा रेकॉर्डर गुरुजींच्या माइकलाच चिकटवून ठेवा.

‘वेदर सील्ड’वर विसंबणं

‘वेदर सील्ड’ म्हणजे पाणी-धूळ अडवायला सील लावलेला. कॅमेऱ्याला असं सील आहे आणि लेन्सला नाही, तर पाणी माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या जागेतून, आत शिरतं. झूम करताना लांब होणारी लेन्स बाहेरची दमट हवा आत ओढते. लेन्स आतल्या आत झूम होणारी किंवा फिक्स्ड, म्हणजे झूम नसलेली, असेल तर जास्त बरं. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे सील असो वा नसो, रेनकव्हर घालाच. तेही नसेल तर जाड प्लॅस्टिक पिशवी, लेन्स हूडवर रबरबँड आणि मागे हात घालायला जागा एवढ्यावर सर निभावते. फ्लॅश काढलेला असेल तर हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेवर, टोपण लावा. मायक्रोफायबरची फडकी चार-पाच तरी न्या, एक ओलं झालं की दुसरं. खिशातला रुमाल काचेला लावू नका.

कॅमेरा खरंच भिजला तर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणं ही त्याला मारणारी चूक आहे. तो चालू असेल तर बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवा, कोरड्या कापडाने बाहेरून टिपा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्यातली पूड बटणांच्या फटीत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घालून त्यात एक-दोन दिवस ठेवा, आणि पाणी आत गेल्याची शंका असेल तर चालू न करता दुरुस्तीला द्या.

भिजला नसला तरी लग्नाहून आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत तसाच सोडू नका. कोकणातल्या पावसाळी हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि एकदा का ती आतल्या थरावर बसली की काढणं महागात पडतं. बॅग रिकामी करून पंख्याखाली सुकवा, लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पण त्याआधी, पायातली चिखलाची चप्पल काढल्याबरोबर, कार्डातले फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. पावसात गावची वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच न्या.