गाडीच्या लेदर सीटा: एका पार्लरवालीची पद्धत

बदामी रंगाच्या लेदर सीटांची गाडी आमच्या दारात आली ती माझा विरोध मोडून. सहा वर्षं वापरलेली सेकंड हँड गाडी, पण "बसून तर पाहा" म्हणत यांनी मला आत बसवलंच. सीट मऊ होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या डोळ्यांपुढे आले मेंदीचे कोन, हेअर कलरच्या ट्यूबा आणि फाउंडेशनच्या बाटल्या. मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात पार्लर चालवते. लग्नसराईत नवरीच्या घरी जाऊन मेकअप करते, कधी हिंगण्याला, कधी पार कामठीला. माझी पेटी मागच्या सीटवरच असते. बदामी सीट आणि हा धंदा, जमायचं कसं?

पहिली चूक मीच केली. जो तो सांगत होता, "चामडं म्हणजे त्वचाच ती, तेल पाजा." वीस वर्षं लोकांच्या त्वचेवर हात फिरवणारी मी, मला ते पटलं. एप्रिलच्या एका संध्याकाळी वाटीभर खोबरेल घेऊन पाचही सीटा चोळल्या. काय चकाकल्या! दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी उघडली तर खवट वास, आणि वर्धा रोडची सगळी धूळ सीटवर चिकटलेली. त्या दिवशी वहिनी ऑफ-व्हाइट साडी नेसून आली होती. उतरल्यावर मागचा पदर पाहून म्हणाली, "ताई, सीटवर भजे तळले का हो?"

तेल काढायला तीन रविवार गेले. तेव्हा एका सीट-कव्हरवाल्या भाऊंनी मला कापलेल्या लेदरचा तुकडा कडेने धरून दाखवला. खाली तंतुमय, निळसर-करडं चामडं, आणि वर केसासारखी बारीक बदामी रेघ. "ताई, तुम्ही हात लावता तो हा रंग. चामड्याला तुमचा हात लागतच नाही." त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं: हा चेहरा नाही, हे नेलपेंट आहे! नेलपेंटला कोणी क्रीम पाजतं का? ते स्वच्छ ठेवायचं, ओरखड्यांपासून जपायचं आणि ॲसिटोनपासून लांब ठेवायचं. तेव्हापासून मी सीटा याच हिशेबाने सांभाळते.

आधी तुमच्या सीटा कशाच्या आहेत ते पाहून घ्या. दिसणार नाही अशा कोपऱ्यात, बॅकरेस्टच्या खाली वगैरे, पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर रंगाचा थर आहे. गाड्यांमधलं बहुतेक लेदर असंच असतं. थेंब आत मुरला आणि जागा गडद झाली, तर थर नसलेलं उघडं चामडं आहे. ते महागड्या गाड्यांत सापडतं, आणि त्यावर हे माझे प्रयोग करू नका. तिसरी शक्यता म्हणजे लेदरेट, म्हणजे लेदरसारखं दिसणारं प्लास्टिक, आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत तेच असतं. सीटच्या खाली हात घालून दुमडलेली कड उलटून पाहा. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते प्लास्टिक, मखमली तंतू दिसले तर चामडं. आणि अख्खी सीट एकाच मालाची असते असंही नाही. आमच्या गाडीत पाठ आणि मांड्या टेकतात तेवढाच भाग चामड्याचा आहे, बाजू आणि मागचं सगळं लेदरेट. विकणाऱ्याने मात्र 'फुल लेदर' म्हणूनच विकली होती. लेदरेटला साफसफाई हीच, फक्त कंडिशनरवर (चामडं मऊ ठेवायच्या क्रीमवर) पैसे घालवू नका, तो आत जायला जागाच नसते.

सामान फार लागत नाही. मऊ ब्रशचं तोंड असलेला व्हॅक्युम क्लीनर, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी (फिक्या रंगाची, म्हणजे मळ किती निघाला ते दिसतं), एक मऊ केसांचा ब्रश, शिलाईसाठी लहान मुलांचा टूथब्रश, लेदर क्लीनर आणि वॉटर-बेस्ड लेदर कंडिशनर. क्लीनर मात्र लेदरचाच घ्या. चामड्याचा पीएच साधारण ४ ते ५, म्हणजे आम्लधर्मी. अंघोळीच्या साबणाचा ९ ते १०. पार्लरमध्ये हेच मी चेहऱ्याबद्दल रोज सांगते, आणि इथे तरी ते अगदी जसंच्या तसं लागू पडतं. भांड्यांचा लिक्विड, बेबी वाइप्स, ग्लास क्लीनर, यातलं काहीच नको. आणि तो पांढरा 'जादूचा' स्पंज तर मुळीच नको. डाग जातो खरा, पण तो बारीक पॉलिश पेपरच असतो, डागाबरोबर रंगही खरवडून नेतो.

सकाळी सहाला सुरुवात करा. मे महिन्यात आठ वाजता सीट तापलेली असते, क्लीनर लावताच सुकतो आणि वर पांढरे ओघळ राहतात. गाडी सावलीत, चारही दारं उघडी.

व्हॅक्युम आधी, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. आपल्याकडच्या धुळीत वाळू असते. ती तशीच ठेवून ओलं फडकं फिरवलं म्हणजे सीट घासून काढल्यासारखंच. बसायची गादी आणि पाठ यांच्या फटीत हात घाला. माझ्या गाडीतून एकदा निघालं ते असं: चिवड्यातले शेंगदाणे, दोन यू-पिना, एक जोडवं (कोणाचं ते अजून कळलं नाही) आणि टिकल्यांचं अख्खं पाकीट. पिना आधी काढा, नाहीतर व्हॅक्युमचं तोंड त्या ओढत नेतं आणि सीटवर रेघ उठते.

मग क्लीनर. एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा घ्यायची. क्लीनर सीटवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा, फेस झाला की अलगद गोल फिरवायचा. फेस करडा झाला म्हणजे मळ सुटला. लगेच ओलसर फडक्याने पुसा आणि मागोमाग कोरड्याने. फडक्याची घडी घालून दर वेळी नवी बाजू वापरा, नाहीतर इकडचा मळ तिकडे जातो. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूची उंच कड दोनदा करा. चढता-उतरता रोज ती घासली जाते आणि सगळ्यात आधी तीच मरते. हेडरेस्टवर केसांच्या तेलाचा तपकिरी थर बसतो, तिथेही दोन हात मारा. स्टीअरिंगवर लेदर असेल तर तेही याच फडक्याने. हातांचा घाम, तेल आणि सनस्क्रीन, सगळं तिथेच जमतं.

पाणी कमी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सीटच्या आत आता बरंच काही असतं: सीटबेल्टचे सेन्सर, काही गाड्यांत पंखा, आणि बाजूच्या शिवणीमागे एअरबॅग. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर ती शिवण भिजवू नका, तिथे सुईदोरा चालवू नका. वेळ आली की ती शिवण उसवलीच पाहिजे. तिच्यावरून गच्च कव्हर चढवणं त्यासाठीच धोक्याचं.

कंडिशनरबद्दल थोडं सांगते, कारण याच्याच बाटल्यांवर सगळ्यात मोठ्या गप्पा छापलेल्या असतात. रंगाचा थर शाबूत असेल तर वरून लावलेलं फारसं आत जात नाही. शिलाईच्या भोकांतून आणि सुरकुत्यांमधल्या बारीक चिरांतून थोडं जातं, बाकीचं थराला मऊपणा देतं आणि घासण्यापासून वाचवतं. म्हणून वर्षातून दोनदा पुरे. पाच सीटांना मला पंचवीस-तीस मिलिलिटर लागतं, म्हणजे दोन टेबलस्पून. ते फडक्यावर घ्या, पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने उरलेलं सगळं काढा. बोट फिरवल्यावर बोट चिकटलं नाही म्हणजे झालं. सीट चमकायला नकोच, नव्या गाडीची सीट मॅट असते. चमक हवी म्हणून सिलिकॉनचं पॉलिश मारलं तर ब्रेक दाबताना माणूस पुढे घसरतो. स्टीअरिंगवर तर ते लावण्याचं मनातही आणू नका.

समोरच्या सीटांना बारीक भोकं असतील तर माझी दुसरी चूक ऐका. मी क्रीम थेट सीटवर पिळलं. सुकल्यावर प्रत्येक भोकात पांढरा ठिपका, सीट नाही, साबुदाण्याचा पापड! दोन तास लाकडी टूथपिक घेऊन बसले होते. यांनी चहा आणून दिला, टूथपिक काही हातात घेतलं नाही.

आता डाग. इथे नागपूरकरांचा पहिला शत्रू म्हणजे तर्री. भाच्याने गाडीत बसून तर्री-पोहे खाल्ले आणि द्रोण कलंडला. मी पोहोचेपर्यंत त्याने सॅनिटायझर आणि हँडवॉश दोन्ही वापरून झाले होते, आणि पिवळा डाग लालभडक झाला होता. त्याला वाटलं सीट जळाली. जळली नव्हती. हळदीला साबणासारखं अल्कली लागलं की ती लाल होते. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, ते हेच. करायचं ते असं: आधी टिश्यू नुसता टेकवून तेल टिपून घ्या, घासू नका. मग लेदर क्लीनर, दोनदा. लाली उतरते, फिकट पिवळं राहतं. त्याला ऊन हा उपाय, हळदीचा रंग उजेडात उडतो. गाडी अशी लावा की सकाळचं कोवळं ऊन काचेतून त्या जागी पडेल, रोज तासभर. आमचा डाग पाचव्या दिवशी शोधावा लागला. सॅनिटायझर जिथे पडलं होतं तिथे मात्र रंग कायमचा निस्तेज झाला, कारण अल्कोहोल थरच खातं. बॉलपेनच्या शाईवर हेअरस्प्रे मारा असं लोक मलाच सांगतात, कारण माझ्याकडे हेअरस्प्रे असतो. त्यातही अल्कोहोलच असतं. नाही मारायचा.

मेंदी सांडली तर पुसू नका. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने गोळा अलगद उचला, मग ओल्या फडक्याने टिपा. मेंदीचा रंग प्रोटीनला धरतो, म्हणून तळहातावर चढतो. सीटवर रंगाचा थर असल्याने आपल्याला दहा-पंधरा मिनिटांची सवलत मिळते, पण शिलाईच्या दोऱ्याला आणि चिरांना नाही. माझ्या मागच्या सीटच्या दोऱ्यावर तिळाएवढा एक नारिंगी ठिपका आहे, तो काही केल्या गेला नाही.

नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या सीटला लागतो, तो आठवड्याच्या आत निघतो, महिन्यानंतर हट्टी होतो. आणि संत्री. गाडीत संत्री सोलली की सालीतून उडणारा फवारा सीटवर पडतो. त्या तेलात लिमोनीन असतं, वंगण काढायला वापरतात ते. लगेच पुसलं तर काही होत नाही, पण साली सीटवर टाकून ठेवू नका.

उन्हाचं तर बोलायलाच नको. बाहेर ४५ असताना बंद गाडीच्या आत तासाभरात वीसेक अंशांची भर पडते. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक नऊ दिवस) लागण्याआधी मी सीटा साफ करून कंडिशनर लावते, पुढच्या काचेला सनशेड, आणि सीटांवर जुनी सुती चादर. प्लास्टिकची कव्हरं नकोत, ती तापून चिकटतात. गाडी कडुलिंबाखाली लावली तरी चालेल, जांभळाखाली नको, का ते जून महिन्यात कळेल.

पावसाळ्यात उलटं. जुलैत आठ दिवस गाडी बंद राहिली की सीटवर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी. नाकाला मास्क बांधा, दारं उघडा, कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या. मग क्लीनर, मग पंखा लावून पूर्ण वाळवा. मॅट ओले असतील तर आधी ते बाहेर काढा, नाहीतर चार दिवसांत बुरशी परत येते.

चिरा पडल्या असतील तर क्रीमने बुजत नाहीत, नेलपेंटचा टवका निघाला की क्रीमने भरतो का? तिथे चिरा भरायचं फिलर आणि रंग लागतो, ते करणाऱ्या माणसाकडेच न्या, आणि रंग जुळवताना सीट आधी साफ करून न्या. मळलेल्या सीटवरून जुळवलेला रंग पहिल्या धुण्यानंतर वेगळा दिसतो. माझ्या ड्रायव्हर सीटच्या कडेला हेच झालंय.

एवढं करून महिन्याला नुसतं ओलसर फडकं आणि तीन महिन्यांनी क्लीनर, यात आमचं भागतं. आणि नवरीच्या घरी जाताना पेटीखाली मी जुना पंचा अंथरते. तो पांढराच घ्यायचा. लाल काठाचा पंचा एकदा पाण्याच्या बाटलीने भिजला होता, त्याचा काठ मागच्या सीटवर उमटला तो काढायला दीड तास लागला.