मेंदूच्या शिरेतील ऑक्सिजन एमआरआयने मोजताना आधी पीसीव्ही (हिमॅटोक्रिट) पाहावा

बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर धमनीतील रक्ताचा ऑक्सिजन सांगतो. मेंदूने त्यातला किती वापरला, हे मात्र मेंदूतून परतणाऱ्या शिरेतील रक्तावरूनच कळते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते आणि ऑक्सिजन धरलेले किंचित दूर सारले जाते, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. याच गुणामुळे शिरेत व तिच्या शेजारच्या ऊतींत चुंबकीय क्षेत्राचा जो सूक्ष्म फरक पडतो, तो एमआरआयच्या फेज प्रतिमेत (संदेशाच्या लहरीची अवस्था दाखवणाऱ्या प्रतिमेत) मोजता येतो.

एटापल्ली किंवा धारणीकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या रुग्णाने बसस्थानकावर चहा घेतलेला असतोच. कॅफिनमुळे मेंदूचा रक्तप्रवाह घटून शिरेतील ऑक्सिजनही उतरतो, म्हणून चहा केव्हा घेतला हे विचारून नोंदवावे. जोडवी, पोत, करदोट्यातील धातूचा ताईत हे सारे खोलीबाहेरच उतरवून घ्यावे.

डोक्याच्या मध्यरेषेवरून मागे जाणाऱ्या मोठ्या शिरेचा सरळ भाग निवडावा आणि प्रतिमेचा काप तिला काटकोनात घ्यावा. ग्रेडियंट इको या स्कॅनच्या प्रकारात दोन इको (शरीरातून परत येणारे संदेश) घेऊन त्यांच्या फेजमधील फरक काढावा; त्यातून शेजारच्या ऊतींचा फेज वजा करावा. हा उरलेला फरक गायरोमॅग्नेटिक गुणोत्तराने (हायड्रोजनच्या केंद्रकाच्या ठरलेल्या स्थिरांकाने) व दोन इकोंमधील वेळेने भागला की क्षेत्रातील फरक मिळतो. शीर आणि यंत्राचे मुख्य चुंबकीय क्षेत्र यांच्यातील कोनही मोजावा, कारण तो ५४.७ अंशांच्या जवळ गेला की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि मग कितीही काळजी घेतली तरी आकडा भरवशाचा राहत नाही.

खरी चूक होते ती पुढे. क्षेत्रातील फरक हा हिमॅटोक्रिट (रक्ताच्या आकारमानातील तांबड्या पेशींचा वाटा) आणि ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचा वाटा यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. मशीनच्या प्रोटोकॉलमध्ये हिमॅटोक्रिट ०.४२ धरलेले असेल आणि पांडुरोगाने खंगलेल्या रुग्णाचे प्रत्यक्षात ०.३० असेल, तर शिरेतील खरी ६२ टक्के ऑक्सिजन संपृक्तता ७३ टक्के दिसते. निदानाची दिशाच बदलावी इतका हा फरक आहे. म्हणून त्याच दिवशीच्या सीबीसीतील पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट, घेतल्याशिवाय गणित करू नये. भर उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झालेले असेल, तर महिन्याभरापूर्वीचा अहवालही उपयोगाचा नाही.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने त्याची चाचणी झाली आहे का, हेही आधी पाहावे. टी२ शिथिलन काळावरून (एमआरआयचा संदेश विरत जाण्याच्या वेळेवरून) ऑक्सिजन काढण्याची जी दुसरी पद्धत आहे, तिच्यातील निरोगी रक्तावर बेतलेला तक्ता सिकलसेलच्या रक्ताला तसाच लावणे चुकीचे आहे.

अहवालात टक्केवारीशेजारी वापरलेले हिमॅटोक्रिट, कोन आणि दोन इकोंमधील वेळ लिहावी, म्हणजे नागपूरला संदर्भित झालेल्या रुग्णाचा आकडा तिथल्या डॉक्टरांना पुन्हा पडताळता येईल.